तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, मग लेन्सचं बघू

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण चौदा वर्षांपूर्वी मी अगदी हेच एकाला विचारलं होतं. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी, दहा बाय चार, कुंड्यांत जास्वंद, सदाफुली, डबल झेंडू, तुळस आणि लिंबाचं एक रोप. कॅमेरा एंट्री लेव्हलचा डीएसएलआर, सोबत आलेल्या दोन लेन्स, 18-55 आणि 55-250 एमएमच्या. फुलं बरी येतात पण जास्वंदीचा नुसता लाल डाग दिसतो, कीटक जवळ गेलं की उडतात, जे सापडतात ते धूसर, मग आता पन्नासेक हजाराची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठं चित्र काढणारी, घ्यावी का. आणि जाता जाता, लिंबाच्या पानावर पक्ष्याची शिट पडलीय ती फोटोत घाण दिसते, ती एडिटिंगमध्ये कशी काढायची.

लेन्स घेऊ नका. निदान पुढचे सहा महिने तरी नको. मी घेतली होती, पहिल्याच वर्षी, पहिल्याच रविवारी गच्चीवर आठ-नऊशे फोटो मारले आणि रात्री कॉम्प्युटरवर बघतो तर एकाही माशीचा डोळा शार्प नाही, कुणाचा पाय, कुणाची पाठ, आणि बऱ्याच फोटोंत नुसतं पान, माशी कधीच निघून गेलेली. बायको म्हणाली पानं मात्र छान आलीत.

तेव्हा माझं चुकत काय होतं, तर मी कीटकांच्या मागे धावत होतो. कीटक दिसला की त्याच्याकडे जायचं, तो उडाला की दुसरा. आता मी एक फूल पकडतो आणि तिथेच मोढा टाकून बसतो. कोणत्या फुलावर कोण येतं आणि किती वाजता येतं हे एकदा कळलं ना की निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं कॅमेऱ्याचं, आणि ते तुमच्याकडच्या लेन्समध्येही होतं.

तुमची फुलं बघा. सदाफुलीची नळी इतकी बारीक असते की मधमाशीची जीभ आत पोचतच नाही, तिथे येणार ते लांब सोंडेचे पतंग आणि काही फुलपाखरं. डबल झेंडूत पाकळ्यांचीच इतकी गर्दी की मध-पराग शोधायला किड्याला जागा नाही. जास्वंदीवर मुंग्या येतात आणि शिंजीर पक्षी येतो, तो फुलाच्या बुडाशी चोच घालून मध चोरून जातो. म्हणजे तुम्ही ज्या तीन फुलांसमोर रोज उभे राहताय ती आपल्या डोळ्यांना झकास, पण मधमाश्यांच्या दृष्टीने बंद दुकानं. आणि चौथं, जिथे खरी गर्दी असते, त्या तुळशीच्या मंजिऱ्या तुमच्या घरी कुणीतरी नेमाने खुडत असणार. आमच्याकडे आई खुडायची, मंजिऱ्या ठेवल्या तर रोप लवकर वाळतं म्हणून, आणि ते खरंही आहे. पण एक कुंडी पूजेची आणि एक माश्यांची अशी वाटणी करा. जागा नसेल तर किराणा दुकानातला फालुद्याचा सब्जा चिमूटभर कुंडीत टाका, तो तुळशीचाच भाऊबंद, चार-सहा दिवसांत उगवतो आणि दोनेक महिन्यांत फुलावर येतो. तुमच्या पन्नास हजारांच्या आधी हे पाच रुपये खर्च करा.

मग बघा काय काय येतं. फुलोरी माशी, आपल्याकडची सगळ्यात छोटी खरी मधमाशी, सेंटिमीटरभर, पोटाचा वरचा भाग तांबूस आणि खाली काळे-पांढरे पट्टे. सातेरी मधमाशी येते. पोयाची माशी येते, ती तर जेमतेम चार मिलिमीटर, लोकांना ती चिलटच वाटते, डंख नसतो तिला. आणि नशीब असेल तर निळ्या पट्ट्यांची माशी, अमेगिला, तिचा आवाजच वेगळा, एका ठिकाणी सेकंदभर थांबते, सुईसारखी जीभ बाहेर काढूनच फुलाकडे झेपावते आणि पुढच्या फुलावर. वांगं लावलं असेल तर हीच माशी वांग्याच्या फुलाला मिठी मारून अंग थरथरवते. त्या वेळी गुणगुण एकदम चढ्या पट्टीत जाते आणि पिवळा पराग तिच्या पोटावर सांडतो, कारण वांग्या-टोमॅटोच्या फुलात पराग टोकाच्या भोकातून हलवल्याशिवाय बाहेर येत नाही. हे मी पहिल्यांदा कानाने ऐकलं, मग डोळ्याने पाहिलं आणि फोटो मिळाला तो दोन वर्षांनी.

या अमेगिलाचंच एक सांगतो, कारण तुमचा उडून जाण्याचा प्रश्न तिथे सुटतो. हिचे नर घरटं करत नाहीत. संध्याकाळी ऊन गेलं की सहा-साडेसहाला एका वाळक्या काडीवर येतात, आमच्याकडे ती तुळशीची जुनी मंजिरी होती, दाणे झडलेली, कुणीही काढून टाकली असती अशी. येतात, काडी जबड्यात पकडतात, पाय अंगाशी घेतात आणि तसेच आडवे लटकून झोपतात, नुसत्या जबड्यावर. आधी एक आला, मग दुसरा, जागेवरून थोडी ढकलाढकली झाली, एकाने दुसऱ्याला पायाने लोटलं आणि सात वाजेपर्यंत त्या बोटभर काडीवर ओळीने पाच जण. हिरवट डोळे, अंगावर करडी-पिवळी लव आणि पोटावर ते निळे पट्टे, बॅटरीच्या उजेडात बघितले की धातूसारखे चमकतात. दुसऱ्या दिवशी त्याच काडीवर. आठवडाभर तेच. सकाळी ऊन लागेपर्यंत हलत नाहीत, थंडीत तर अजून उशिरापर्यंत, मग एकेक जण अंग थरथरवून गरम होतो आणि निघतो.

आता सांगा, अशा माशीसाठी कुठली महागडी लेन्स लागते? ट्रायपॉड लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, दहापट झूम करून डोळ्यावर हाताने फोकस करा, दोन सेकंदांचा टायमर लावा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 200, शटरचा वेळ अगदी 1/15 सेकंद दिला तरी चालतो, फक्त वारा नको. मी शिकलो ते या झोपलेल्या माश्यांवर. तुम्हीही संध्याकाळी वाळक्या काड्या, गवताची पाती, कढीपत्त्याच्या निष्पर्ण फांद्या बघत जा, आणि कुंड्या साफ करायची हौस जरा आवरा.

जागे कीटक का उडतात त्याचं कारण बहुतेक वेळा सावली असतं. तुमची किंवा हाताची सावली फुलावर सरकली की माशी गेलीच. पूर्वेची बाल्कनी म्हणजे सकाळी सूर्य समोर, तुमची सावली मागे पडते, हे तुमचं नशीब. दुसरं म्हणजे आडवी हालचाल. सरळ रेषेत हळूहळू पुढे गेलं तर ती फारसं मनावर घेत नाही, पण कॅमेरा खालून झटकन डोळ्याला लावला की संपलं. म्हणून आधीच डोळ्याला लावून बसायचं. आणि जवळ गेल्यावर तिच्या तोंडावर श्वास सोडू नका, मधमाश्यांना तो अजिबात चालत नाही.

आता लेन्स. तुमची 55-250 आहे ना, तिच्या पुढे लावायची क्लोजअप लेन्स मिळते, मी रेनॉक्सची डीसीआर-250 वापरतो, क्लिपने अडकते. ती +8 डायॉप्टरची (भिंगाच्या ताकदीचा आकडा) आहे, म्हणजे हिशोब सोपा, मुख्य लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबवर फोकस ठेवून 125 एमएमला लावली तर 1:1 आणि 250 ला लावली तर साधारण 2:1. 1:1 म्हणजे सेंटिमीटरची माशी सेन्सरवरही सेंटिमीटरची पडते, आणि तुमचा सेन्सर बावीस-तेवीस मिलिमीटर रुंद, म्हणजे फुलोरीने जवळजवळ निम्मी फ्रेम व्यापली. समोर अंतर अकरा-बारा सेंटिमीटर मिळतं, माशीला ते पुरतं. मॅक्रो लेन्सच्या किमतीच्या मानाने ही किरकोळीत येते.

त्याहून स्वस्तात करायचं तर रिव्हर्स रिंग, काही शे रुपयांची, 18-55 उलटी करून बॉडीला लावायची. रिंग घेताना लेन्सच्या तोंडावर गोलावर तिरकी रेघ असलेल्या खुणेपुढे जो आकडा असतो तो बघून घ्या. गंमत अशी की उलटी लावल्यावर सगळंच उलटं होतं, 55 ला कमी मोठं दिसतं आणि 18 ला खूप मोठं. पण कीटक लेन्सपासून चार-साडेचार सेंटिमीटरवर यावा लागतो, फोकस फक्त पुढे-मागे हलून करायचा, आणि लेन्स सुटी झाल्यामुळे अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. कॅननला यावर जुगाड असा की लेन्स सरळ लावून एफ/8 करा (हा लेन्सच्या आतल्या छिद्राचा आकडा, तो वाढला की छिद्र लहान होतं), डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि तसंच दाबलेल्या अवस्थेत लेन्स काढा, अ‍ॅपर्चर तिथेच राहतं. शिवाय लेन्सचं मागचं तोंड उघडं पडतं, कुंडीच्या मातीत हे करताना जपून. झोपलेल्या माशीला, मुंगीला, मावा-मिलीबगला ही रिंग मस्त, उडत्या कीटकाला विसरा. मला विचाराल तर क्लोजअप लेन्सच घ्या.

धूसर येण्याचं मुख्य कारण मात्र लेन्स नाहीच. 1:1 ला एफ/8 वर जे शार्प दिसतं त्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते. तुम्ही श्वास घेतला तरी त्याहून जास्त हलता. तेव्हा ऑटोफोकस बंद करा, झूम ठरवा, मग फोकसच्या रिंगला हातच लावायचा नाही, कोपर मांडीला किंवा कठड्याला टेकवून अख्खं अंग किंचित पुढे-मागे झुलवा आणि डोळा चमकला की तीन-चार फोटोंची फैर. दहातला एक जमला तर माझ्या दृष्टीने उत्तम दिवस. आणि शार्प भागाची खोली जास्त पाहिजे म्हणून एफ/22 करू नका, छिद्र इतकं लहान केलं की चित्र सगळीकडूनच मऊ पडतं. एफ/8 ते 11, तिथेच थांबा. त्याऐवजी कीटकाचं अंग सेन्सरला समांतर येईल असं बसा, माशी आडवी दिसली की डोळ्यापासून शेपटापर्यंत सगळं एका पातळीत येतं, फुकटात. झोपलेल्या माशीचे फोकस सरकवत वीस-पंचवीस फोटो काढून सॉफ्टवेअरने जोडताही येतात पण ते नंतर.

वारा. तिसरा मजला म्हणजे दहा वाजल्यानंतर वारा असणारच. कपड्यांचा एक चिमटा बार्बेक्यूच्या काडीला बांधा, काडी मातीत खोचा आणि चिमट्याने देठ हलकेच धरा, चिमट्याच्या तोंडात कापूस घाला म्हणजे देठ चेंगरत नाही. जाहिरातीतल्या स्टँडपेक्षा हे बरं.

उजेडाबद्दल माझं मत जरा कडक आहे. भर दुपारचं ऊन घेऊन काढलेले फुलांचे फोटो मी बघतही नाही. साडेसात ते साडेनऊ तुमचा वेळ, त्यानंतर जुन्या धोतराचा किंवा मलमलचा तुकडा भरतकामाच्या रिंगेत ताणून ऊन आणि फुलाच्या मध्ये धरायचा, कुणी धरायला नसेल तर दोरीवर वाळत घाला, लगेच पाकळ्यांच्या शिरा दिसायला लागतात. विरुद्ध बाजूला थर्माकोलचा तुकडा ठेवला की सावल्या उघडतात. कीटकांसाठी मात्र मी बहुतेक वेळा फ्लॅश वापरतो, कारण 1/8 किंवा 1/16 पॉवरवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपतो आणि तुमचा हात हलला, माशी हलली तरी गोठते. कॅमेऱ्यावर 1/200, एफ/11, आयएसओ 200 ते 400 आणि फ्लॅशसमोर डिफ्यूझर. हा डिफ्यूझर स्टेशनरीच्या दुकानातल्या पांढऱ्या फोम शीटचा, लेन्सच्या वरून पुढे वाकवून कीटकाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा, जवळ आला की उजेड मऊ होतो. डिफ्यूझर नसेल तर भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा ठिपका उमटतो, तो कशानेच जात नाही. फ्लॅशने मागचं सगळं काळं पडतं, कारण उजेड अंतराबरोबर भराभर कमी होतो. दिवसाचा फोटो रात्रीचा वाटतो, तो नको असेल तर फुलामागे हातभर अंतरावर एखादं मोठं पान किंवा फिकट हिरवा कार्डशीट धरा. बॉक्स ग्रिल आणि वाळत घातलेले टॉवेल झाकायलाही तोच कामाला येतो.

जास्वंदीचा लाल डाग. कॅमेरा उजेड मोजतो तो सगळ्या रंगांचा मिळून, आणि जास्वंदीत जवळपास सगळा भार एकट्या लाल चॅनेलवर असतो. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, ठीक दिसतो पण लाल कधीच भरून वाहिलेला असतो, आणि एकदा वाहिला की पाकळीवरच्या सुरकुत्या, शिरा सगळं गेलं. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा, लाल उजव्या भिंतीला टेकायच्या आत थांबा, बऱ्याचदा एक्स्पोजर -2/3 किंवा -1 करावं लागतं, रॉमध्ये (जेपीईजी नव्हे, कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि नंतर बाकीचं हळूच उजळा. उन्हात नको, ढगाळ सकाळी. आणि कृपा करून सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढू नका, लाल जास्वंद आणखी लाल करून काय मिळणार! पिवळ्या झेंडूलाही हेच लागू. निळ्या गोकर्णाचा प्रश्न वेगळा, तो कॅमेऱ्यात जांभळा येतो, तिथे व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं ते ठरवणारी सेटिंग) ऑटोवरून काढून सावलीत एक पांढरा कागद समोर धरून सेट करा.

वेळापत्रकावर परत येतो कारण जीव तिथे आहे. ऑफिस टाइमची फुलं लावा, नावाप्रमाणे नऊ-दहाला उघडतात, आणि उघडल्याबरोबर फुलोरी आणि पोयाच्या माश्या आत लोळायला लागतात. या फुलाच्या पुंकेसरांना काडी लावून बघा, जिथे स्पर्श झाला त्या बाजूला ते सगळे सावकाश झुकतात, डोळ्यांना दिसेल इतकं. माशी आत फिरताना हेच चालू असतं आणि ती परागाने माखते. व्हिडिओ काढायला हे सगळ्यात सोपं. स्वयंपाकघरातले धणे थोडे रगडून पेरा आणि कोथिंबीर न खुडता फुलू द्या, त्या पांढऱ्या छत्र्यांवर होव्हरफ्लाय येतात, ज्यांना लोक मधमाशी समजतात पण पंख दोनच आणि मिशा अगदी बारक्या. त्या हवेत एका जागी हेलिकॉप्टरसारख्या थांबतात आणि हुसकल्या तरी त्याच जागी परत येतात, उडत्या कीटकाचा सराव करायचा तर यांच्यावर.

आणखी एक. फुलावर एखादी माशी किंवा फुलपाखरू बराच वेळ हललंच नाही, मान वाकडी, पाय सैल, तर खुश होऊ नका, फुलाखाली वाकून बघा. माझ्याकडे पांढऱ्या कॉसमॉसवर एक सातेरी अशीच बसली होती, मी सुखाने दहा फोटो काढले, मोठे करून बघितले तर तिच्या मानेला पांढराशुभ्र खेकडा कोळी धरून बसलेला, पाकळीच्या रंगात इतका मिसळलेला की समोर असून दिसला नव्हता. तो जाळं विणत नाही, फुलातच दबा धरतो. माझ्या बऱ्या फोटोंपैकी तो एक, आणि काढताना मला काय काढतोय याचा पत्ताच नव्हता.

काही लोक कीटक फ्रीजमध्ये गार करून नाहीतर डिंकाने चिकटवून फोटो काढतात. ते करू नका, आणि ग्लिसरीनचे थेंब मारलेलं गुलाबही मला आवडत नाही पण ती माझी आवड झाली. औषध फवारणी मात्र पूर्ण बंद. आमच्या सोसायटीत एकदा न सांगता आवारात फवारणी झाली, त्यानंतर तीन आठवडे माझ्या गच्चीवर एक माशी नाही, नुसता सब्जा डोलत होता, आणि त्या वाळक्या काडीवर त्या वर्षी पुन्हा कुणी झोपायला आलं नाही. सेक्रेटरीशी भांडलो, उपयोग शून्य. माव्याला पाण्याचा जोराचा फवारा पुरतो, तोही संध्याकाळी, माश्या गेल्यावर.

आता तुमच्या लिंबाच्या पानावरची शिट. ती एडिटिंगमध्ये काढू नका, आणि पानावरून तर मुळीच धुऊ नका. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानाच्या वरच्या बाजूला बरोब्बर मध्यावर काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा डाग, ओलसर दिसणारी, कालपेक्षा आज किंचित मोठी? ती लाइम बटरफ्लायची नाहीतर कॉमन मॉरमॉनची अळी असणार, लहानपणी या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेऊन बसतात म्हणजे पक्षी खात नाहीत. आपलं राज्य फुलपाखरू आहे ना, 2015 साली जाहीर झालं ते ब्लू मॉरमॉन, त्याची अळीसुद्धा याच लिंबू कुळावर वाढते. हलक्या हाताने काडी लावून बघा, डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंग बाहेर येईल आणि उग्र वास येईल, एकदाच करा, उगाच छळू नका. पुढे ती हिरवी होईल आणि रोपाची बरीच पानं संपवेल, संपवू द्या, लिंबाला नवी पालवी येते. मग एक दिवस दिसेनाशी होईल, तेव्हा कुंडीच्या कडा, ग्रिलच्या सळया, खालच्या फांद्या शोधा, रेशमाच्या एका धाग्याचा पट्टा कमरेला बांधून टेकलेला कोष सापडेल. तो गडद झाला आणि आतून पंखांची नक्षी दिसायला लागली की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू निघतं, आणि त्यानंतर तास-दीड तास ते तिथेच लटकून पंख वाळवतं, उडूच शकत नाही. त्या वेळी क्लोजअप लेन्स काढून ठेवा, पंख इतके मोठे असतात की फ्रेममध्ये मावणार नाहीत, नुसती 55-250 लावा, 200 च्या आसपास, एफ/8, मीटरभर मागे सरका आणि मागचे टॉवेल आदल्या रात्रीच काढून ठेवा.